बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात माउंटन बाइकिंग: तारीख ठरवण्यापासून परत येईपर्यंत

बॅन्फला माउंटन बाइक घेऊन जायचं ठरलं की आधी कॅलेंडर उघडा, नकाशा नंतर. मिनेवांका तळ्याकाठचा ट्रेल ९ जुलैला सायकलींना खुला असतो आणि १० जुलैला बंद. मधल्या रात्रीत ना वादळ झालेलं असतं, ना दरड कोसळलेली. बफेलोबेरीची लाल फळं पिकायचे दिवस आलेले असतात, आणि ती खायला ग्रिझ्ली अस्वलं त्या उतारांवर यायला लागतात. हंगामात एक ग्रिझ्ली दिवसाला दोन लाखांपर्यंत बेऱ्या फस्त करते असं सांगितलं जातं. खाण्यात इतकं गुंतलेलं जनावर आणि वळणावरून सुसाट, बिनआवाज येणारी सायकल यांची गाठ पडू नये म्हणून ही बंदी.

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातलं हे उद्यान १८८५ साली गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती राखून ठेवलेल्या लहानशा जागेपासून सुरू झालं. आज त्याचं क्षेत्र ६,६४१ चौरस किलोमीटर आहे. त्यातला बराचसा भाग म्हणजे खडक, बर्फ आणि उभे कडे. गवत, पाणी, मऊ माती हे सगळं दऱ्यांच्या तळाशी, आणि तिथूनच महामार्ग जातो, रेल्वे जाते, गावं वसलेली आहेत, बहुतेक सायकल ट्रेलही तिथेच आहेत. म्हणजे जनावरांना जी जागा हवी तीच आपल्यालाही हवी असते. उद्यानातल्या साठ-पासष्ट ग्रिझ्लींना ती जागा मिळत राहिली पाहिजे, हे मला मनापासून वाटतं. या लेखातला प्रत्येक सल्ला त्याच बाजूने दिलेला आहे.

पहिली गोष्ट: महिना

बॅन्फ गाव समुद्रसपाटीपासून १,३८३ मीटरवर आहे, उद्यानातलं दुसरं गाव लेक लुईस त्याहून दोनेकशे मीटर वर. गावाजवळचे, उन्हाच्या बाजूचे ट्रेल साधारण मे महिन्यात कोरडे होतात. सावलीतल्या दऱ्यांमध्ये जून उजाडला तरी बर्फाचे पट्टे आणि चिखल राहतो. चिखलात सायकल घालू नका. मऊ मातीत चाकाने पडलेली चर पुढच्या पावसात ओहोळ होते, आणि मग लोक ती टाळायला कडेच्या गवतातून जातात, तिथे दुसरी वाट पडते.

मे आणि जूनमध्ये अस्वलं दरीच्या तळाशी असतात, कारण हिरवं गवत आणि डँडेलियन आधी तिथेच उगवतं. याच दिवसांत एल्कच्या (मोठ्या जातीच्या हरणांच्या) माद्या वितात. पिल्लू झुडपात लपवून ठेवलेली मादी अंगावर धावून येते, आणि ती धावून येईपर्यंत पिल्लू तुम्हाला दिसलेलं नसतं. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत बेरीचा हंगाम. सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत एल्कचा माजाचा काळ, तेव्हा नरांपासून लांब राहायचं.

हे वाचून जायलाच नको असं वाटायला नको. माझं मत विचाराल तर सर्वांत चांगले दोन काळ आहेत: जूनचा उत्तरार्ध ते जुलैचे पहिले आठ-नऊ दिवस, आणि १६ सप्टेंबरनंतरचे दोन-तीन आठवडे. पहिल्या काळात रात्री दहापर्यंत उजेड असतो. दुसऱ्यात गर्दी ओसरलेली असते, माती घट्ट असते, पण सकाळी दव गोठलेलं असतं आणि लाकडी पूल काचेसारखे निसरडे होतात. त्या दिवसांत दहाच्या आधी निघण्यात काही हशील नाही.

दुसरी: परवानगी आणि बंदीची पत्रकं

उद्यानात थांबणाऱ्या प्रत्येकाला पार्क्स कॅनडाचा, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचा, पास लागतो. तो दिवसाचा मिळतो, वर्षाचाही मिळतो. आठवडाभर राहणार असाल तर दोन्हींचा हिशेब करून पाहा. कुटुंब किंवा गाडीभर मंडळी असतील तर गटाचा पास घ्या.

पासपेक्षा महत्त्वाची दोन पानं पार्क्स कॅनडाच्या संकेतस्थळावर असतात: एक ट्रेलच्या स्थितीचं, दुसरं इशारे आणि बंदीचं. आदल्या रात्री पाहा आणि निघताना सकाळी पुन्हा पाहा. एखाद्या ट्रेलजवळ अस्वलाने हरीण मारलं की तो भाग त्याच दिवशी बंद होतो, कारण मारलेल्या शिकारीजवळ अस्वल कुणालाही फिरकू देत नाही. ट्रेलच्या तोंडाशी पिवळी पट्टी किंवा बंदीचा फलक दिसला तर ‘आपण थोडंसंच आत जाऊ’ हा विचारही नको.

बाकीचे नियम थोडक्यात. सायकल फक्त सायकलींसाठी नेमून दिलेल्या ट्रेलवर. नकाशाच्या ॲपवर रेघ दिसते म्हणून तिथे जायला परवानगी आहे असं नसतं. अशा कित्येक रेघा म्हणजे जनावरांच्या येण्याजाण्याच्या पट्ट्यातून कुणीतरी पाडलेल्या चोरवाटा असतात. वाट सोडून चालवणं, नवी वाट किंवा उडीचा उंचवटा बांधणं हा गुन्हा आहे. ई-बाइक असेल तर पेडल मारल्यावरच मोटर चालणारी हवी, आणि तीही सगळीकडे चालत नाही. कुठे चालते याची यादी पार्क्स कॅनडा देते, भाड्याने घेताना दुकानात विचारून ती समोर ठेवा. अस्वल, लांडगा, कायोटी (कोल्ह्यासारखा प्राणी), कूगर (डोंगरी सिंह) यांच्यापासून किमान १०० मीटर. एल्क, हरीण, डोंगरी मेंढ्या-बकऱ्या यांच्यापासून ३० मीटर. जनावरांना खायला घालणं किंवा त्रास देणं यासाठी दंड २५,००० कॅनेडियन डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

तिसरी: ट्रेलची निवड

इथे कॅनडाची नेहमीची खूण वापरतात: हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड. ही खूण फक्त चाकाखालच्या जमिनीबद्दल बोलते. झाडी किती दाट आहे, वळणापलीकडचं किती दिसतं, शेजारी आवाज करणारा ओढा आहे का, यातलं काहीच ती सांगत नाही. म्हणून प्रत्येक ट्रेलबद्दल मी दोन्ही सांगते.

पहिल्या दिवसासाठी स्प्रे नदीची फेरी घ्या. बॅन्फ स्प्रिंग्ज हॉटेलच्या मागून सुरू होते, साधारण १२ किलोमीटरची आहे, आणि वाट म्हणजे पूर्वीचा रुंद कच्चा रस्ता. सायकल भाड्याची असेल तर तिचे ब्रेक, गिअर, सीटची उंची इथे नीट लक्षात येते. दुसरा सोपा पर्याय लेक लुईसला: बो नदीची सात किलोमीटरची फेरी, किंवा स्टेशनपासून वर हॉटेलकडे जाणाऱ्या जुन्या ट्रामच्या मार्गावरची वाट. ट्राम १९३० सालीच बंद झाली, पण तिचा सौम्य एकसारखा चढ अजून पायांना जाणवतो. जवळच जुना १ए रस्ता मोटारींना बंद करून ठेवलेला आहे, तो अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियाच्या सीमेवर, खंडाच्या जलविभाजकापर्यंत नेतो. लहान मुलं सोबत असतील तर हा घ्या. रुंद, सरळ, लांबवरचं दिसणारा.

आता गोट क्रीक. माझ्या मते उद्यानातली सर्वांत समाधान देणारी मध्यम सफर हीच. कॅनमोर गावाच्या वर, स्प्रे लेक्स रस्त्यावरून तिची सुरुवात होते आणि सुमारे १९ किलोमीटर जंगलातून उतरत ती बॅन्फ गावात येते. सुरुवातीची जागा राष्ट्रीय उद्यानाच्या बाहेर, प्रांताच्या हद्दीत आहे. तिथे गाडी उभी करायची तर कनानास्किस या प्रांताच्या संरक्षित भागाचा वेगळा पास लागतो, राष्ट्रीय उद्यानाचा पास तिथे चालत नाही. पुष्कळ जण इथेच फसतात.

वाट पहिल्यांदा हलक्या उताराने झाडीतून जाते, मग गोट क्रीकच्या लाकडी पुलाकडे आणि पुढे स्प्रे नदीच्या पुलाकडे उतरते. पुलानंतर एक छोटा पण छातीवरचा चढ आहे. वेगात उतरून आलेला माणूस मोठ्या गिअरमध्येच तिथे पोचतो आणि मग चेन कुरकुरते, म्हणून पूल यायच्या आधीच गिअर हलका करून ठेवा. यानंतर जुना रुंद रस्ता लागतो तो थेट बॅन्फपर्यंत. सोपा वाटतो, आणि धोका नेमका इथे आहे: उतार, वेग, शेजारी खळाळणारं पाणी. ओढ्याच्या आवाजात तुमच्या टायरचा आवाज पूर्ण बुडतो.

परतीसाठी बॅन्फ ते कॅनमोर लेगसी ट्रेल आहे, डांबरी, साधारण २५ किलोमीटर. उद्यानाच्या स्थापनेला १२५ वर्षं झाली तेव्हा, २०१० मध्ये, तो खुला झाला. महामार्गाच्या दोन्ही बाजूंनी जनावरांसाठी उंच कुंपण आहे, आणि ट्रेल जिथे ते ओलांडतो तिथे जमिनीवर विजेची चटई बसवलेली आहे. अस्वल किंवा लांडगा महामार्गावर येऊ नये म्हणून ती. सायकलवरून न थांबता सरळ पार व्हायचं, उतरलातच तर पायात बूट हवेत आणि हात टेकवायचा नाही. कुत्र्यासाठी बाजूला फाटक असतं. दम असलेले लोक कॅनमोरहून स्प्रे लेक्सचा कच्चा रस्ता चढून, गोट क्रीक उतरून, लेगसीने परत असा पूर्ण फेरा करतात. तो चढ तीनशे-चारशे मीटरचा आहे आणि धूळ खूप. चढ नको असेल तर वरपर्यंत सोडणारी गाडी ठरवा.

टनेल माउंटनच्या पायथ्याचे ट्रेल गावाला लागूनच आहेत. बेंच लूप म्हणून ओळखली जाणारी फेरी मुळांनी आणि छोट्या चढ-उतारांनी भरलेली आहे, मधून बो नदी आणि हूडू नावाचे मातीचे सुळके दिसतात. टॉप नॉच नावाचा तुकडा उभा आणि खडबडीत आहे, तो आधी वरून पायी पाहून घ्या. गावाजवळ आहे म्हणून इथे जनावरं नसतील असं समजू नका, एल्क या भागात नेहमी असतात.

रंडल रिव्हरसाइड गॉल्फच्या मैदानाच्या बाजूने निघून बो नदीच्या काठाने, माउंट रंडलच्या पायथ्याखालून कॅनमोर नॉर्डिक सेंटरकडे जातो. लांबी फार नाही, पण ओली मुळं आणि वरून घसरून आलेले दगड यांनी तो भरलेला आहे. पावसानंतर टाळा. नॉर्डिक सेंटर १९८८ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेलं आहे आणि राष्ट्रीय उद्यानाच्या बाहेर आहे. तिथे माउंटन बाइकसाठी आखलेल्या ट्रेलचं मोठं जाळं आहे. उड्या, वेग, बँक केलेली वळणं यांची हौस असेल तर ती तिथे भागवा. उद्यानातल्या ट्रेलवर ती भागवायची नसते.

राहिला मिनेवांका. सिंगलट्रॅक, म्हणजे एका वेळी एकच सायकल जाईल अशी अरुंद वाट, आवडणाऱ्यासाठी उद्यानातला सर्वांत देखणा ट्रेल हाच. तळं २१ किलोमीटर लांब आहे. १९४१ च्या धरणाने पाणी चढलं आणि काठावरचं छोटं पर्यटन गाव पाण्याखाली गेलं. वाट उत्तर काठाने जाते. पहिला दीडेक किलोमीटर स्टुअर्ट कॅनियनच्या पुलापर्यंत माणसांची वर्दळ असते, तिथे चालण्याच्या वेगाने जा. पुलानंतर एक चढ, आणि मग कधी झाडीत, कधी पाण्यावर उघड्या पडलेल्या खडकाळ पट्ट्यांवर वाट वरखाली होत राहते. काही ठिकाणी उजवीकडे थेट तळं दिसतं आणि पायाखाली सुटे चपटे दगड असतात. तिथे उतरून ढकलत नेण्यात काहीही कमीपणा नाही. सात-आठ किलोमीटरवर एलमर खिंडीकडे जाणारा फाटा येतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथपर्यंत जाऊन परतावं हे बरं. पुढे वाट उद्यानाच्या पूर्व सीमेपर्यंत जाते, पण ती पूर्ण दिवसाची गोष्ट आहे आणि वाटेत मदतीला कुणी भेटेलच असं नाही.

१० जुलै ते १५ सप्टेंबर या काळात पुलापलीकडे सायकलला बंदी, कुत्र्यालाही बंदी. पायी जाणाऱ्यांनाही किमान चार जणांचा गट करून, एकत्र, बेअर स्प्रे (अस्वलाला रोखणारा तिखटाचा फवारा) घेऊनच जाता येतं. यावरून तिथे काय असतं याचा अंदाज यावा.

रुंद आणि लांब वाट हवी असेल तर कॅस्केड ट्रेल बघा. बँकहेड या १९०३ ते १९२२ या काळात चाललेल्या कोळसा खाणीच्या ओसाड गावाजवळून तो सुरू होतो. रेडअर्थ क्रीक महामार्गाला लागून आहे. तिथे दहाएक किलोमीटर सायकलने आत जायचं, सायकल ठेवायची आणि पुढे पायी तळ्याकडे. सायकल आणि पायपीट यांचा मेळ इतका छान जमणारी जागा दुसरी नाही. सायकल ठेवताना खाऊ तिच्या पिशवीत ठेवू नका.

चौथी: सायकल आणि सामान

या ट्रेलना फार महागडी सायकल लागत नाही. पुढे १०० ते १२० मिलिमीटर सस्पेन्शनची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली सायकल) गोट क्रीक, कॅस्केड, स्प्रे यांना भरपूर झाली. मिनेवांका आणि रंडलला मागचं सस्पेन्शन असेल तर पाठ कमी दुखते. डिस्क ब्रेक हवेतच. भाड्याने घेताना दोन गोष्टी स्वतः तपासा: लिव्हर दाबल्यावर हँडलला टेकेपर्यंत जातो का, आणि पॅडवर जाडी उरली आहे का. लिव्हर हँडलला टेकत असेल तर ती सायकल परत करा आणि दुसरी मागा.

सामानात जादा ट्यूब, पंप, टायर लिव्हर, मल्टिटूल, चेनची क्विक लिंक आणि त्या सायकलचा डिरेलर हँगर (मागची गिअरची यंत्रणा फ्रेमला जोडणारा तुकडा) ठेवा. हँगर हा पंधरा-वीस ग्रॅमचा तुकडा आहे, पण मुळावर आपटून तो मोडला की गिअर संपले आणि पंधरा किलोमीटर चालत यावं लागतं. पाणी दोन लिटर. ओढ्याचं पाणी कितीही निळंशार दिसलं तरी गाळून किंवा उकळूनच प्या, त्यातून जिआर्डिया या पोटातल्या परजीवीचा संसर्ग होतो. जुलैतही पातळ लोकरी थर आणि पावसाचं जॅकेट पाठीवर असू द्या. घामाने भिजलेला माणूस उतारावरच्या वाऱ्यात फार लवकर गारठतो. आणि हातमोजे पूर्ण बोटांचे घ्या, गारठलेल्या बोटांनी ब्रेक धरता येत नाही.

बहुतेक ट्रेलवर मोबाइलला रेंज नसते. नकाशा आधी उतरवून घ्या, आणि एकटे जात असाल तर उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घ्या. खरं तर एकट्याने जाऊच नका.

बेअर स्प्रेबद्दल सविस्तर सांगते, कारण चुकीच्या जागी ठेवलेला स्प्रे असून नसल्यासारखा. तो पाठीवरच्या पिशवीत नको. सायकलच्या फ्रेमवरच्या बाटलीच्या खोबणीतही शक्यतो नको, कारण पडलात की सायकल एकीकडे, तुम्ही दुसरीकडे. कमरेच्या पट्ट्यावर किंवा छातीवर, हात आपोआप जाईल असा लावा. घेतल्यावर डब्यावरची मुदत पाहा. सेफ्टी क्लिप अंगठ्याने मागे ओढून काढायची सवय मोजे घालून, दाबायचं बटण न दाबता, वीस-पंचवीस वेळा करा. पल्ला सात-आठ मीटरचा आणि फवारा काही सेकंदांचाच असतो. विमानात तो ना हातातल्या बॅगेत नेता येतो, ना सामानात, म्हणून बॅन्फ किंवा कॅनमोरला पोचल्यावरच घ्यावा लागतो. उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका.

पाचवी: चालवायचं कसं

सगळ्या लेखातला हा भाग दोनदा वाचावा असं मला वाटतं.

ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास सात मीटर. काहीतरी दिसलं, मेंदूने ओळखलं, बोटांनी ब्रेक ओढला, यात एक सेकंद जातो. खडीवर सायकल थांबायला आणखी सहा-सात मीटर. म्हणजे थांबेपर्यंत तेरा-चौदा मीटर गेले. वळणापलीकडचं पंधरा मीटरच दिसत असेल तर तुम्ही थांबाल ते अस्वलाच्या नाकासमोर. हाच हिशेब ताशी १५ किलोमीटरला सहा-सात मीटरवर येतो, आणि अस्वलाला तुम्हाला ऐकून बाजूला व्हायला वेळही मिळतो. जितकं पुढचं दिसतं त्याच्या निम्म्यात थांबता आलं पाहिजे, हा माझा नियम. झाडी दाटली की तो आपोआप वेग कमी करायला लावतो.

हा काल्पनिक धोका नव्हे. २०१६ च्या जूनमध्ये अमेरिकेत मोंटानातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या जंगलात एक अनुभवी सायकलस्वार न दिसणाऱ्या वळणावर ग्रिझ्लीवर थेट आदळला आणि त्या हल्ल्यात त्याचा मृत्यू झाला. चौकशीत दिसलं की त्याला सावरायला एक-दोन सेकंदच मिळाले होते. त्याआधी २००० साली कॅलगरी विद्यापीठाचे अस्वल-अभ्यासक स्टीफन हेरेरो यांनी एका सहलेखकासह बॅन्फमधल्याच मोरेन लेक हायलाइन ट्रेलवरच्या ग्रिझ्ली आणि सायकलस्वारांच्या प्रश्नाचा अभ्यास केला होता. त्यांचंही म्हणणं हेच: सायकल वेगवान आणि बिनआवाजाची असते, म्हणून गाठ अचानक आणि फार जवळून पडते. चालणाऱ्याला आणि अस्वलाला एकमेकांची चाहूल आधी लागते. सायकलवाल्याला ती मुद्दाम द्यावी लागते.

ती द्यायची कशी? ओरडून. हँडलवरच्या छोट्या घंटेच्या किणकिणाटावर विसंबू नका, तो फार लांब जात नाही आणि माणसाचा म्हणून ओळखूही येत नाही. वळणाच्या आधी, चढाच्या माथ्याच्या आधी, ओढ्याजवळ आणि वारा समोरून येत असेल तेव्हा पोटातून हाक द्या. शब्द कुठलेही चालतात. गटात पुढच्याने हाक दिली की मागच्यानेही द्यायची, म्हणजे कुणी मागे राहिलं की लगेच कळतं. कानात इअरफोन घालू नका.

डोळे वाटेवर असतातच, त्यांना थोडं आणखी काम द्या. उलथलेले दगड, मुंग्यांसाठी फोडलेले ओंडके, नांगरल्यासारखी उकरलेली माती, या ग्रिझ्लीच्या खुणा. वाटेवरच्या विष्ठेत लाल साली आणि बिया दिसत असतील आणि ती ओली, चकचकीत असेल तर अस्वल जवळच आहे. तिथून आल्या वाटेने, बोलत बोलत परत फिरा. कावळे एका जागी घिरट्या घालत असतील किंवा कुजका वास आला तरी तेच करा.

पहाटे आणि तिन्हीसांजेला जनावरं जास्त फिरतात, त्या वेळी ट्रेलवर असू नका. चढून येणाऱ्या सायकलला वाट द्या, चालणाऱ्याला नेहमी द्या. घोडा दिसला तर थांबा, उताराच्या खालच्या बाजूला उभे राहा आणि मालकाशी बोला. माणसाचा आवाज ऐकला की घोडा बुजत नाही.

सहावी: अस्वल समोर आलंच तर

थांबा आणि उतरा. सायकलवर बसून पळ काढायचा नाही. अस्वल ताशी ५० किलोमीटरपर्यंत धावतं आणि पळणाऱ्याच्या मागे लागायची त्याला उपजत ओढ असते. सायकल तुमच्या आणि त्याच्यामध्ये धरा, स्प्रे हातात घ्या, क्लिप काढा. हलक्या, सपाट आवाजात बोलत राहा आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. सोबतचे सगळे एकत्र. पिल्लं दिसली तर आई कुठे आहे ते आधी पाहा, तिच्या आणि पिल्लांच्या मधे येऊ नका.

पुष्कळदा अस्वल धावून येतं आणि अलीकडेच थांबतं. तो दम देण्याचा प्रकार असतो. सात-आठ मीटरच्या आत आलं की त्याच्या तोंडासमोर, थोडं खाली नेम धरून फवारा सोडा, म्हणजे ते त्या ढगात शिरेल. दचकलेल्या किंवा पिल्लं राखणाऱ्या अस्वलाने अंगाला स्पर्श केलाच तर पोटावर पालथे पडा, पाय फाकवा, बोटं मानेमागे गुंफा, पाठीवरची पिशवी काढू नका, निपचित राहा. ते गेल्यावरही काही मिनिटं हलू नका. मात्र अस्वल मागे मागे येत राहिलं असेल आणि शिकार समजून हल्ला करत असेल, किंवा हल्ला रात्री तंबूत झाला असेल, तर मेल्याचं सोंग घेऊ नका. दगड, काठी, पंप, जे हाताला लागेल त्याने तोंडावर मारा आणि लढा. कूगरच्या बाबतीतही लढायचंच.

सातवी: परत फिरण्याची वेळ

दुपारनंतर डोंगरात वादळं उठतात. गडगडाट ऐकू आला की उघड्या उतारावरून खाली झाडीत या, पण एकट्या उंच झाडाखाली थांबू नका. निघतानाच एक वेळ ठरवा. त्या वेळी जिथे असाल तिथून माघारी वळायचं, पुढे दृश्य कितीही छान असलं तरी. कुठल्या ट्रेलवर जातोय आणि किती वाजता परतणार हे गावात थांबणाऱ्या एका माणसाला सांगून ठेवा.

अपघात झाला तर ९११. जनावर दिसलं, ट्रेलवर शिकार पडलेली दिसली, अस्वल धावून आलं, तर बॅन्फच्या आपत्कालीन केंद्राला ४०३-७६२-१४७० वर कळवा. रेंज येताच करा, उद्यावर टाकू नका, कारण तुमच्या मागून कुणीतरी त्याच वाटेने निघालेलं असतं. नेमकी जागा, वेळ, किती जनावरं, पिल्लं होती का, एवढं सांगितलं तरी पुरतं. ‘उगाच तक्रार कशाला’ असं वाटून लोक गप्प बसतात, पण तिथले कर्मचारी अशाच माहितीवरून ट्रेलचा तेवढा भाग थोडे दिवस बंद ठेवतात आणि अस्वलाला तिथून सुखाने खाऊन जाऊ देतात.

परतल्यावर सायकल धुताना टायरच्या खाचा आणि सायकलची खालची बाजू ब्रशने साफ करा. चिकटलेल्या चिखलातून तणाचं बी एका दरीतून दुसऱ्या दरीत जातं. भाड्याची सायकल असली तरी हे करा, उद्या ती दुसऱ्याच ट्रेलवर जाणार असते.